कणकेचे आण्णा

बसा इथंच, कंदिलाजवळ. वात मात्र वाढवू नका, काच तडकलीय. तुम्ही मघाशी विचारलंत, सिस्टर, इतकी वर्षं नोकरी केलीत, मग ‘रोग्याला किती वेळ आहे’ एवढं साधं विचारलं की तुम्ही अंगावर का येता? सांगते. पण एकदाच सांगेन.

चौऱ्याहत्तर सालचा वैशाख. कोल्हापुरात ज्या खाजगी दवाखान्यात मी होते तिथे एक पद्धत होती. इलाज संपले की डॉक्टर नातेवाइकांना आत बोलवायचे आणि म्हणायचे, ‘घरी न्या, आपल्या माणसांत राहू द्या.’ आणि रोग्याबरोबर दोन दिवस मला पाठवायचे. कळा थांबवायचं इंजेक्शन द्यायचं, कूस कशी बदलायची, सुकलेलं तोंड ओलं कसं ठेवायचं, ते घरातल्या बाईला शिकवायचं आणि एस.टी.नं परत यायचं. लोक म्हणायचे, शमशाद सिस्टर पोचवायला आली. म्हणेनात का! मरणाऱ्या माणसाचे हाल कमी करायचं काम मला कधी हलकं वाटलं नाही. हलकी निघाले ती मीच.

सिद्धलिंग आण्णा मुरगूडच्या पलीकडच्या एका गावचे. लिंगायत घर, शेती आणि गुळाचा व्यापार. साठीही गाठलेली नव्हती. जठराचा कॅन्सर. पोट घागरीसारखं तटतटलेलं आणि हातपाय काड्यांसारखे. मूलबाळ नाही. बायको अक्काताई दवाखान्यात एकवीस दिवस खाटेखाली चटई टाकून झोपली होती. बाकी धावपळ धाकटा भाऊ सिद्धराम करायचा.

डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं त्या संध्याकाळी सिद्धरामनं मला व्हरांड्यात गाठलं.

“सिस्टर, डागदर नीट सांगंनात. तुम्ही तरी सांगा. किती येळ हाय?”

डॉक्टर ‘सांगता येत नाही’ म्हणाले होते. तेच मीही म्हणायला हवं होतं. पण सलग दोन पाळ्या झाल्या होत्या, पाय सुजले होते, आणि खरं बोलायचं तर असं कुणी विचारलं की मला बरं वाटायचं. डॉक्टरांना कळत नाही ते हिला कळतं!

“नाडी दोऱ्यासारखी लागतेय,” मी म्हटलं. “उद्याची दुपार बघणार नाहीत.”

“नक्की?”

“अठरा वर्षं हेच करतेय मी.”

त्यानं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी आम्ही जीपमधून निघालो तेव्हा त्याचा गडी केरबा बरोबर नव्हता. त्याला आदल्या रात्रीच शेवटच्या एस.टी.नं पुढं धाडलं होतं. मला वाटलं, घर झाडून घ्यायला, खाट घालायला पाठवला असेल.

दहाच्या सुमारास पोचलो. ऊन असं की डोळे उघडवेनात. अंगणात आधीच पंचवीस-तीस माणसं गोळा झालेली. निपाणीहून, संकेश्वराहून पावणे आलेले, बायका पदर सावरून बसलेल्या. आण्णांना मागच्या खोलीत घेतलं. खिडकीतून घरामागचं शेत दिसत होतं आणि शेताच्या कडेला ताज्या काळ्या मातीचा ढीग होता. ढिगाशेजारी केरबा घाम पुसत उभा.

लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. पुरुषभर खोल खड्डा, आणि आत एका अंगाला मांडी घालून बसवता येईल असा कोनाडा. सगळं तयार होतं. तासून, चोपून.

मी सिद्धरामला बाजूला घेतलं. “हे काय केलंत? श्वास चालू आहे त्यांचा.”

“वैशाखातली जमीन हाय सिस्टर, लोखंड झालीया. आयत्या येळेला खणायचं म्हटलं तर पाच तास लागत्यात. पावण्यांनी उन्हात ताटकळायचं काय? आन तुम्हीच म्हणालासा न्हवं, दुपार बघत न्हाईत म्हणून?”

आमच्यातही पुरतातच, पण श्वास घेणारा माणूस घरात असताना कुदळ कुणी मारत नाही. माझ्या एका वाक्यावर खणलेला खड्डा होता तो. खिडकीचं दार मी ओढून घेतलं, पण फळी फुगलेली, ते पुरतं लागेना.

अक्काताईंना मी तोंड पुसायला शिकवलं. चिमट्यात कापसाचा बोळा धरायचा, ग्लिसरीनमध्ये बुडवायचा, ओठ, हिरड्या, जीभ हलक्या हातानं पुसायची. त्या मन लावून बघत होत्या. दुसऱ्याच बोळ्याला आण्णांनी डोळे उघडले.

“अक्का,” ते म्हणाले, “आंबील हाय काय गं?”

एकवीस दिवसांत त्या माणसाच्या पोटात घोटभर पाणी ठरलं नव्हतं. ते वाटीभर आंबील प्यायले. उलटी झाली नाही. अकरा वाजता ते उशीला टेकून बसले. बारा वाजता केरबाला हाक मारून बैलाच्या खुराचं काय झालं ते विचारलं. मी नाडी धरली. दोरा नव्हता, चांगली भरीव लागत होती. अक्काताईंनी माझ्याकडं पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. हसत होत्या बिचाऱ्या.

“बाई, घरचं वारं लागलं वो त्यास्नी,” त्या म्हणाल्या. “जगत्यात न्हवं आता?”

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आधी मनात आलं ते असं, की आता मला तोंडघशी पडावं लागणार. एवढी हलकी होते मी.

आणि अंगण तर गप्पच झालं होतं. रडायला आलेल्या माणसांना काय करावं कळेना. मी पाणी आणायला बाहेर गेले तर सगळ्यांच्या नजरा शेताकडं. बाळाबाई म्हणून त्या घराची एक म्हातारी आत्या होती, सगळे तिला आत्ती म्हणत. ती सिद्धरामला खालच्या आवाजात सांगत होती, “खणलेलं तोंड सुर्व्या बुडायच्या आत मिटाया पायजे. न्हाईतर ते घरातलं माणूस मागतंय. कुनाला दितोस? तुझ्या पोराला?”

सिद्धरामला चार वर्षांचा एकच मुलगा. बापाच्या पायाला बिलगून उभा होता. सिद्धराम काही वाईट माणूस नव्हता हो. पण त्याचा चेहरा मी पाहिला, आणि तो भावाच्या खोलीकडं वळला तेव्हा मला भीती वाटली.

“मग काय करायचं, आत्ती?”

“त्येचा पुतळा करून बसवायचा. कणकेचा.”

जंगम स्वामींना बोलावलं नाही. ते नको म्हणाले असते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. स्वयंपाकघरात बायका कणीक मळायला बसल्या. तान्ह्या पोराएवढा पुतळा झाला. हातपाय, बोटं, नाक, सगळं आत्तीनं आपल्या हातानं काढलं. आण्णांचं धोतर फाडून नेसवलं, कपाळाला विभूती ओढली. आण्णांना आणि अक्काताईंना काही सांगायचं नाही असं ठरलं. मला मात्र सिद्धरामनं सांगितलं.

“वंगाळ काय न्हाई न्हवं ह्यात, सिस्टर?”

मी म्हटलं, “माझं काय जातंय? करा.”

तीनच्या सुमारास पुतळा बाहेर नेला. खिडकीच्या फटीतून मला दिसत होतं. केरबानं खाली उतरून तो कोनाड्यात बसवला, वर आला, आणि पहिलं घमेलं आत रिकामं केलं.

आण्णा अक्काताईंशी बोलत होते. मृगाआधी कौलं फिरवून घेऊ, असं काहीतरी. बोलता बोलता थांबले. खोकले. जीभ बाहेर काढून ओठांवरून फिरवली.

“तोंडात काय आलं गं...?”

मी चिमटा उचलला, बोळा फिरवला. बोळा काळा झाला.

रक्त असेल असं वाटलं. जठराच्या रोग्याचं रक्त काळं पडतं, मी हजारदा पाहिलंय. बोळा उजेडात नेला. बोटानं दाबला. करकरला. ओल्या ढेकळांचा वास आला, खोलवरच्या मातीचा.

बाहेर दुसरं घमेलं पडलं. धप्प.

आण्णा ठसकले. दुसरा बोळा काळा. तिसरा काळा. चौथ्याला बारीक मूळ चिकटून आलं. गवताचं, पांढरं. बोळे टाकायचा किडनी ट्रे भरत चालला, आणि प्रत्येक धप्प आवाजाला आण्णांची मान उशीवरून उचलली जात होती. अक्काताईंनी एकदा ट्रेकडं पाहिलं, एकदा खिडकीकडं. उठून त्यांनी खिडकीची फळी ढकलली. शेतात काय चाललंय ते त्यांना दिसलं.

“काय पुरत्यात ते? ...बाई, काय पुरत्यात?”

मी सांगितलं.

त्या ओरडल्या नाहीत. माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, “जावा. थांबवा त्यास्नी. माझं कोन ऐकतंय? तुम्ही शिकल्यालं मानूस, तुमचं ऐकत्याल. मी तोंड पुसत बसतो, तुम्ही जावा...”

मी पळत गेले. हे मात्र खरं, पळत गेले. खड्ड्याच्या काठाशी पोचले आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. तीस माणसं. पांढऱ्या गणवेशातली, घड्याळ लावलेली, कोल्हापूरच्या दवाखान्यातली बाई. सकाळपासून ज्यांच्यापुढं चुकीची ठरले होते तीच ही माणसं.

“काय झालं, सिस्टर?” सिद्धराम म्हणाला.

सांगायचं एवढंच होतं: त्यांच्या तोंडात ही माती येतेय. पाच शब्द. जिभेवर आले होते. पण माझ्या मनात आलं, हे हसतील. उद्या दवाखान्यात कळेल. सिस्टरला चळ लागला म्हणतील. आणि मी म्हटलं,

“आवाजाचा त्रास होतोय त्यांना.”

“हात्तिच्या! मग सावकाश टाकतो की.” तो केरबाकडं वळला. “केरबा, घमेलं उचलून आपटू नगंस. हातानं लोट माती.”

केरबा गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी माती आत लोटू लागला. आता काहीच आवाज येत नव्हता. मी तिथे उभी राहून ते बघितलं. खड्डा भरेपर्यंत बघितलं. आत जायचा मला धीर होत नव्हता.

खोलीत परतले तेव्हा अक्काताई चिमटा टाकून नुसत्या बोटांनी त्यांचं तोंड उकरत होत्या. आण्णा उशीला टेकून ताठ बसलेले, डोळे उघडे, गालफडं गच्च भरलेली. मी मनगट धरलं. काही लागलं नाही. वेळ साडेतीनची. संध्याकाळ त्यांनी बघितली नाही.

अक्काताईंनी मला एकच विचारलं. “काय सांगितलासा त्यास्नी?”

त्याही वेळी मला खरं बोलता आलं नाही.

मग जे व्हायचं तेच झालं. आता खरंच बसवायचं होतं, तेव्हा तोच खड्डा उकरायला घेतला. माती भुसभुशीत होती, वेळ लागला नाही. आण्णांचं तोंड मी स्वतः साफ केलं होतं, कुणाला काही दिसू नये म्हणून. आंघोळ घातली, विभूती लावली, गळ्यातलं इष्टलिंग हातात दिलं, खुर्चीत बसवून काठाशी आणलं. ऊन कलायला लागलं होतं. केरबा खाली उतरला, वाकला, पुतळा उचलला. आणि तसाच राहिला.

“मालक...” तो खालून म्हणाला.

“आता काय?”

“सिस्टरास्नी... सिस्टरास्नी जरा हिकडं या म्हणा.”

त्यानं पुतळा दोन्ही हातांवर धरून वर केला, तान्हं मूल दाईच्या हातात देतात तसा. सिद्धराम मागं सरला. कुणी हात लावेना. मी काठावर गुडघे टेकले. कणीक वाळून भेगाळायला हवी होती एव्हाना. पण ती मऊ होती, आणि कोमट. मातीत माखलेला तो चेहरा मी पाहिला नाही. सवयीनं माझी तीन बोटं मनगटावर गेली, तेवढंच.

सवयीनंच छातीवरचं घड्याळ डाव्या हातानं वर केलं. पूर्ण मिनिट.

बहात्तर. भरीव. एकही ठोका चुकला नाही.

“काय लागतंय काय?” सिद्धरामनं विचारलं.

खुर्चीत आण्णा बसलेले. मागं तीस माणसं. दिवस मावळतीला लागलेला. सहाची एस.टी. गाठली तर रात्री मी माझ्या घरी असेन, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

“काही नाही,” मी म्हटलं. “ठेवा आत. दोघांनाही.”

केरबानं माझ्याकडं पाहिलं. त्याला ठाऊक होतं. पण गड्याला कोण विचारतो? त्यानं तो पुतळा कोनाड्यात ठेवला, वरून सोडलेल्या आण्णांना पुढ्यात बसवलं आणि वर आला. माती लोटायला सुरुवात झाली. या खेपेला घमेल्यानं, भराभरा.

अक्काताई कधी माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. बोटांच्या नखांत माती तशीच होती. त्या रडत नव्हत्या. माझ्या कानाशी तोंड आणून, बाकी कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं त्या म्हणाल्या,

“तुमचं ओठ हालत हुतं, बाई. किती मोजलासा?”

समोर केरबा भरलेल्या खड्ड्यावर चढून पायानं माती दाबत होता.