फरशीखालचा कोळसा

पेतेनच्या जंगलात सर कोसळली तेव्हा एकाच माणसापुरत्या ताडपत्रीखाली दोघं घुसली – उत्खनन चालवणारी ओतिलिया काल, आणि त्याच सकाळी खोदकामावर आलेला एर्मेलिंदो चुब.

"सरका की जरा, बाई. अर्धा बाहेर आहे मी."

"मग अर्धाच भिजशील. रडतोस कशाला?"

तो खळखळून हसला... आणि ओतिलियाला वाटलं, ही सर थांबूच नये.

खोदकामाचा मोसम संपत आला तोवर दोघं एकाच पानात गुंडाळून उकडलेला मक्याचा तमाल वाटून खायला लागली होती. मनातलं मात्र कुणीच बोललं नव्हतं.

आणि एक दिवस, जमिनीत गाडलेलं जे प्राचीन शहर ते खणत होते, त्याच्या सगळ्यात जुन्या फरशीखाली कोळसा सापडला! त्याचं वय निघालं की शहर कधी वसलं ते कळणार होतं. ते मानतात त्याहून कितीतरी जुनं आहे, हे ओतिलियाचं म्हणणं आजवर सगळ्यांनी हसण्यावारी नेलं होतं.

ओतिलिया कोळशाची पुडी बांधत होती. एर्मेलिंदो जवळ आला, चेहरा पार उतरलेला.

"ही प्रयोगशाळेत पाठवू नको."

"का रे?"

"यात माझाही कोळसा आहे... काल पहाटे मी खड्ड्यात उतरून धूप जाळला. निखारे उचकटलेल्या फरशीखाली सांडले, जुन्या कोळशात मिसळले. डोंगर देव आपला; धूप जाळून विचारल्याशिवाय त्याच्या पोटात शिरू नये, तुलाही ठाऊक आहे. परवा खड्ड्याची भिंत ढासळली, तरी तू परत उतरलीस. तुझ्यासाठी विचारणार कोण?"

ओतिलिया ओरडली, "अरे, सगळ्यावर पाणी फिरवलंस! आता याचं वय खोटंच निघणार. वर जाळता येत नव्हता?"

"तू जिथं बसतेस तिथंच जाळावासा वाटला. गप्प राहिलो असतो तर कळलंही नसतं गं. पण मग तुझ्याकडे बघायचं कोणत्या तोंडानं?"

तिला त्याचा भयंकर राग आला. आणि गाव सोडून शिकायला गेल्यापासून आपण डोंगराला एकदाही विचारलं नाही, याची लाजही वाटली. तिनं पुडी सोडली, कोळसा मातीत रिकामा केला आणि ती रडली.

बऱ्याच वेळानं डोळे पुसत म्हणाली, "पुढच्या मोसमात शेजारी नवा खड्डा घेऊ. धूप वरच जाळायचा. दोघांनी."

"दोघांनी?"

"तुझ्या आईवडिलांना मला मागणी घालायला माझ्या घरी पाठव. पहिल्या खेपेला आई नाहीच म्हणेल, रीतच आहे आपली. दुसऱ्या खेपेलाही."

"आणि तिसऱ्या?"

"तिसऱ्या खेपेला... दार मीच उघडेन."