नववं पान

कागदपत्रं सांभाळणारी नवी प्रणाली फायली किती वेगाने घेते आणि किती वेगाने परत देते, एवढंच तिला मोजायचं होतं. स्क्रिप्ट तिचीच. एक फाइल हजार वेळा अपलोड करायची, हजार वेळा परत मागवायची आणि दर खेपेला लागलेले सेकंद नोंदवायचे. रटाळ काम, पण ती अशाच कामात रमायची.

नियमाने चाचणीची फाइल निरर्थक अक्षरांनी भरलेली हवी. तिने कंटाळा केला आणि हाताशी होती ती फाइल उचलली: आईच्या तपासणीचे चोवीस पानी स्कॅन, सात महिन्यांपूर्वीचे. तेव्हा डॉक्टरांनी पहिलं पान बघून "सगळं ठीक आहे" म्हटलं होतं आणि घरातल्यांच्या जिवात जीव आला होता. आई मात्र वाळतच चालली होती. विचारलं की म्हणायची, "वय झालं गं, दुसरं काय?"

पहिल्या फेरीत नऊशे नव्याण्णव प्रती दोन-दोन सेकंदांत परत आल्या. सहाशे बाराव्या प्रतीला एक्केचाळीस लागले. दुसऱ्या फेरीत अठ्ठ्याऐंशीवी अडली, तिसऱ्या फेरीत नऊशे तिसरी. दोन्ही वेळा एक्केचाळीसच.

टीमच्या प्रमुखाला सगळे पाठीमागे घाईबाबा म्हणत. तो तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"हजारात एक ना? मग काढून टाक आकड्यांतून. सगळेच काढतात."

"पण सर, दर वेळी तेवढेच सेकंद कसे?"

"अगं, मशीन आहे ते. उगाच कीस काढत बसू नकोस."

ती कसली ऐकतेय. तिने स्क्रिप्टमध्ये पानागणिक वेळ मोजायची सोय केली आणि फेरी पुन्हा लावली. अडलेल्या प्रतीची तेवीस पानं दोन सेकंदांत आली होती. नवव्याला एकट्याला एकोणचाळीस लागले होते.

तिने ते पान शेवटी नेऊन ठेवलं. आता शेवटचं पान अडलं. त्या वेळात यंत्रणेवर कसलाही भार नव्हता, काहीच चाललेलं नव्हतं. कोणी तरी पान वाचत थांबावं, तसा तो वेळ नुसता जात होता.

तिने ते पान फाइलमधून काढलं. हजारच्या हजार प्रती सुरळीत आल्या.

काम संपलं होतं. रिपोर्ट पाठवायचा, एवढंच उरलं होतं. पण ते पान आपण स्वतः कधी वाचलेलंच नाही, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

तिने ते उघडलं.

बारीक अक्षरांतला मजकूर ती सावकाश वाचत गेली. अगदी तळाशी दोन ओळी होत्या. डाव्या फुप्फुसात लहान गाठ. सहा आठवड्यांत पुन्हा तपासावे.

तिने स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे पाहिलं. वाचायला एकोणचाळीस सेकंद लागले होते.

तिने लगेच फोन लावला. "आई, उद्या सकाळी डॉक्टरांकडे जायचंय."

"मला काय धाड भरलीय?"

"काही विचारू नकोस. तयार राहा."

शस्त्रक्रिया झाली, गाठ निघाली. "वेळेत आणलंत," सर्जन म्हणाले. "आणखी दोन महिने गेले असते तर अवघड होतं." ती दवाखान्याच्या बाकावर बसून पोटभर रडली. संध्याकाळी आईने चहा पांचट आहे म्हणून कुरकुर केली, तेव्हा तिला इतकं हलकं वाटलं की हसूच आवरेना.

महिन्याभराने ती कामावर रुजू झाली, ती मोकळ्या मनाने. घाईबाबा स्वतःहून टेबलापाशी आला. तोही वाळल्यासारखा दिसत होता.

"आई बरी ना? छान. तुझी चाचणी मीच उरकली बघ. तुझी फाइल सापडेना, म्हणून माझ्याच मागच्या वर्षीच्या तपासणीचे कागद लावले."

"मग?"

"पहिल्या झटक्यात पास. एक पान तेवढं सारखं अडत होतं," तो खोकत म्हणाला. "काढून टाकलं."