हनुवटीची दुसरी खूण

साथीच्या दुसऱ्या हिवाळ्यात हिमानी कापेल या डच गावातल्या आपल्या घरी माळ्यावरच्या खोलीत बसून कवट्या मोजायची. जबड्याच्या ऑपरेशनआधी रुग्णाचा थ्रीडी स्कॅन तिच्याकडे यायचा. पडद्यावर कवटी फिरवत ती हाडांवर ठरलेल्या जागी खुणा ठेवायची; त्या अंतरांवरून सर्जन कुठे कापायचं ते ठरवायचे. खुणा दोनदा ठेवायच्या, दुसऱ्यांदा पहिल्या न बघता. हात किती चुकतो ते त्यातून कळतं.

घरच्या माणसाचा स्कॅन मोजायला घ्यायचा नाही, हाही नियम होता. पण निम्मं ऑफिस आजारी होतं, आणि तिच्या नवऱ्याचं, रुचिरचं, ऑपरेशन सारखं पुढे ढकललं जात होतं. सायकलवरून पडल्यापासून जबडा वाकडा. बिचारा किती दिवस मऊ भात गिळणार? तिने त्याची फाइल स्वतःच उघडली.

"मेंदू सापडला का गं?" रुचिरने दारातून विचारलं.

"यात फक्त हाडं दिसतात."

"म्हणजे तुझ्या आईचं म्हणणं खरं तर!" तो हसला, आणि हसता हसता खोकला.

स्कॅन काढताना जबडा हलू नये म्हणून रुग्ण मेणाची पट्टी दातांत धरून बसतो. पहिल्या खेपेला रुचिरच्या कवटीचे दात मिटलेलेच होते. दुसऱ्या खेपेला हनुवटीची खूण तीन मिलिमीटर खाली पडली. हात चुकला असेल, म्हणून तिने कवटी मोठी करून पाहिली. दातांमध्ये फट होती... बारीक, काळी.

रुचिरला ताप चढला. घरीच थांबा, असं हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, फोनवर सांगितलं. बाहेर दुपारीच अंधारून यायचं, आणि हिमानीने फाइल उघडावी तेव्हा स्कॅनमधलं ते तोंड आणखी वासलेलं असायचं.

"रुचिर, तोंड... जरा मीट बघू."

"मिटलेलंच आहे ना," तो धापा टाकत म्हणाला.

अतिदक्षता विभागातल्या नर्सने व्हिडिओ कॉलसाठी टॅबलेट त्याच्या चेहऱ्यासमोर धरला, तेव्हा त्याच्या तोंडात नळी होती. तोंड किती उघडं असेल, हे हिमानीला आधीच ठाऊक होतं.

तो परत आला नाही. त्याच्या स्कॅनमधले दात पुन्हा घट्ट मिटले.

पुढे एकदा कामात त्यांच्या मुलीचं, अवनीचं, नाव आलं. दातांच्या तारांसाठी तिचा स्कॅन उन्हाळ्यातच झाला होता. हिमानीने फाइल न उघडता परत पाठवली. संध्याकाळी ऑफिसातून उत्तर आलं: दोन्ही खेपांच्या खुणा मिळाल्या. दुसऱ्या खेपेला हनुवटी तीन मिलिमीटर खाली आहे. हात चुकला का?

ती धडधडत जिना उतरली. अवनी सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. मराठीत विचारलं तरी डचमध्येच उत्तर देणारी पोर. हिमानी नुसती तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

अवनीने मान वर केली.

"मिटलेलंच आहे ना," ती मराठीत म्हणाली.