तळ्यातले दात

शेवटी त्या दोघांचं जमलं. अगदी व्यवस्थित जमलं.

हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरून चालू. काही जमलेलं नाही, कुणाचं कुणावर काही नाही, आणि ज्या संध्याकाळी गोष्ट सुरू होते त्या संध्याकाळी तर ती दोघं एकमेकांना ओळखतसुद्धा नव्हती. ती चष्म्याच्या दुकानातून घरी आली होती. दिवसभर लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलत "आता बरं दिसतंय, की आधी बरं दिसत होतं?" असं विचारून विचारून तिचा स्वतःचाच जगावरचा विश्वास उडाला होता. गल्लीत सगळे तिला चष्मेवाली म्हणत. तिला स्वतःला चष्मा नव्हता, त्यामुळे गिऱ्हाइकं तिच्याकडे जरा संशयानेच बघत.

चपला काढून ती परसात गेली, तळ्यावर वाकली, आणि वरून तिच्या डोक्यात ब्रेडचा तुकडा पडला.

आता तळ्याविषयी सांगायला हवं, कारण असं तळं दुसरीकडे कुठे नव्हतं. ते तिच्या बाबांनी केलं होतं. बाबांनी आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं. निवृत्त झाले त्याच आठवड्यात त्यांनी परसात खड्डा खणायला घेतला. कशासाठी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण आई गेल्यापासून घरात ही दोघंच, आणि हात रिकामे राहिले की बाबा जेवतानासुद्धा गिअर टाकत. म्हणून तिने अडवलं नाही. खड्डा कमरेएवढा झाल्यावर ते तळं आहे असं बाबांनी जाहीर केलं. तळाला अंथरायला काहीतरी हवं होतं. ओळखीच्या एकाने रस्त्यावरून उतरवलेला जाहिरातीचा फ्लेक्स फुकटात दिला. तो टूथपेस्टचा होता. त्यामुळे तळ्याच्या तळाशी एक बाई खाटेएवढं तोंड करून कायमची हसत असे. काठाला विटा, कोपऱ्यात कुंडीसकट बुडवलेलं कमळ, आणि त्या बाईच्या ओठांवरून फिरणारे पाच गोल्डफिश.

पाणी स्वच्छ असलं की तिचे सगळे दात दिसत. पाणी गढूळ झालं की ती तोंड मिटून घेई. घरात पाण्याची प्रत दातांतच मोजायची पद्धत पडली.

"आज किती गं?" बाबा आतून विचारत.

"वरचे सहा. खालचे मावळलेत."

"मग बरं आहे."

पण गेले काही दिवस एकही दात दिसत नव्हता. पाण्याला वास येत होता. आणि मासे… मासे गोल होत चालले होते.

तर, ब्रेड. तिने केसांतून तो तुकडा काढला आणि वर पाहिलं. कुंपणाच्या भिंतीवर एक डोकं होतं.

"सॉरी," डोकं म्हणालं. "नेम चुकला."

"कुणावर धरला होता?"

"तो पांढऱ्या ठिपक्यांचा जाड्या आहे ना, त्याच्यावर. बिचारा उपाशी असतो."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"त्यानेच. मी स्टुलावर चढलो की वर येतो आणि तोंड उघडतो."

"मासा आहे तो! तोंड उघडणं हा त्याचा स्वभाव आहे. मी रोज सकाळी पोटभर घालते त्यांना."

"मला काय माहीत? तो तसं काही बोलला नाही."

हा पलीकडच्या खोलीतला नवा भाडेकरू. कवळ्या बनवायच्या कारखान्यात कामाला होता, म्हणून येऊन चार दिवस होतात न होतात तोच गल्लीने त्याला कवळीवाला करून टाकलं होतं. त्याने भिंतीवर कोपरं टेकली आणि पाण्याकडे बोट केलं. "आलो तेव्हा खाली एक बाई दिसायची. तिचा डावा सुळा उसना आहे, माहितीये? छपाईवाल्यांनी उजवाच कापून उलटा चिकटवलाय."

इतकी वर्षं दात मोजूनही हे घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. रागवायचं नक्की ठरवून ती हसली, आणि हसताना कुणीतरी आपलेही दात मोजतंय अशी शंका येऊन तिने पटकन तोंडावर हात ठेवला.

"हात काढा," तो म्हणाला. "तुमचे सगळे तुमचेच आहेत."

त्या रात्री जेवताना तिने भाजीत मीठ समजून काय घातलं, ते बाबांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मग करार झाला. सकाळी तिची एक चिमूट, संध्याकाळी त्याची एक चिमूट, ब्रेड पूर्ण बंद. पाणी बदलायचं कामही त्याने अंगावर घेतलं. नळाचं पाणी बादल्यांत भरून दिवसभर उघड्यावर ठेवायचं, औषधाचा वास उडाला की तळ्यातलं थोडं काढून हे घालायचं. एकट्याने अर्ध्या तासात उरकणारं काम दोघं मिळून दोन तासांत करत. बादली जड असते, तिला दोघांनी धरावं लागतं, आणि दोघांनी धरली की बोटांना बोटं लागतात. यात बादलीचा काही दोष नाही.

एकदा पाणी घालता घालता पाऊस आला. तिने धावत जाऊन छत्री आणली, तो छत्रीत शिरला, आणि दोघं तळ्याच्या काठाशी उभी राहिली. पावसाचे थेंब विटांवर ताडताड वाजत होते… ओल्या मातीचा वास होता… त्याच्या शर्टाला प्लास्टरच्या पांढऱ्या भुकटीचा वास होता…

"एक विचारू?" तो हळूच म्हणाला.

तिने छत्रीची मूठ घट्ट धरली. "विचारा ना."

"छत्री माशांवर का धरलीये?"

तिने पाहिलं. खरंच. छत्री पूर्ण तळ्यावर होती, मासे कोरडे, म्हणजे जितके राहू शकतील तितके कोरडे होते, आणि ही दोघं नखशिखांत भिजली होती.

"मग तू आधी नाही का सांगायचंस!" ती म्हणाली.

'तुम्ही'चा 'तू' झाला तो असा. दोघांनाही कळलं. दोघांनीही कळलं नसल्याचं दाखवलं. छत्री मात्र तिथेच राहिली.

पण पाणी काही निवळेना. उलट एका सकाळी पाचही मासे वर येऊन हवेसाठी आ वासायला लागले. ती दुकानात न जाता काठावर बसून राहिली. त्याने येऊन पाणी हुंगलं आणि तोंड वाकडं केलं.

"खाणं जास्त होतंय. आठवडाभर कडक उपास. काही मरत नाहीत, उलट न खाऊनच जगतील."

उपास सुरू झाला. पाणी तसंच. तळाशी ब्रेडचे लगदे सापडले.

"तू घालतोस लपून," ती म्हणाली.

"मी? चोराच्या उलट्या बोंबा! काल पाण्याशी कोण कुजबुजत होतं?"

"मी त्यांची समजूत काढत होते!"

"हातात वाटी घेऊन?"

"रिकामी होती!"

अशी भांडणं रोज होत. आणि रोज व्हावीत म्हणून दोघंही वेळेवर येत. अशातच एका संध्याकाळी बादलीची कडी धरून तो म्हणाला, "मला दुसऱ्या गावातून बोलावणं आलंय. मोठा कारखाना आहे, लांब आहे. शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवायचंय."

"मग जा की." उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"जाऊ?"

"संधी चांगली आहे… सगळे तेच म्हणतील."

"सगळ्यांचं राहू दे." तो तिच्याकडे बघत राहिला. "तू सांग. मी इथे असताना बरं दिसतंय, की आधी बरं दिसत होतं?"

दिवसातून पन्नास वेळा हाच प्रश्न ती लोकांना विचारत असे, आणि "मला नक्की सांगता येत नाही हो" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांचा तिला मनातून वैताग येत असे.

"बादली इकडे दे," ती म्हणाली.

शनिवार उजाडला. निदान चोर तरी पकडू, म्हणून दुपार कलल्यावर दोघं परसात वाळत घातलेल्या चादरीमागे लपली. दोघंही इथेच असताना चोर येणार कुठून, हा विचार दोघांच्याही डोक्यात आला नाही. चादर ओलसर होती. तिच्या पलीकडून ऊन येत होतं, आणि त्याचा श्वास तिच्या कानाशी. इतकी जवळ ती दोघं बादलीशिवाय प्रथमच आली होती.

"उत्तर काय कळवणारेस?" तिने कुजबुजत विचारलं.

"श्शू…"

मागचं दार उघडलं. बाबा आले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, मागे बघायला आरसा नव्हता तरी तिथेही बघितलं, आणि लुंगीच्या घडीतून अख्खा ब्रेड काढला.

"हळू, हळू," ते पाण्याला सांगू लागले. "ओव्हरटेक करायचं नाही. जाड्या, तू मागे हो, त्या लहान्याला साइड दे…"

"बाबा!"

बाबांनी ब्रेड पाठीमागे लपवला. मग उपयोग नाही असं दिसल्यावर पायरीवर बसले.

"मरतील ना ते!" ती ओरडली. "कितीदा सांगितलं, उपास आहे त्यांचा!"

"माहितीये गं." बाबांचा आवाज बारीक झाला. "पण मी आलो की येतात. चाळीस वर्षं लोकांना गाडी शिकवली, हात बसला की जो तो गेला भुर्रकन. मागे वळून हॉर्नसुद्धा दिला नाही कुणी. हे पाच जण माझा आवाज ऐकून वर येतात… रिकाम्या हाताने कसं जायचं?"

चादरीवरून वारा गेला. कवळीवाला पुढे झाला, बाबांच्या हातातून ब्रेड घेतला, आणि त्यांच्या शेजारी बसला.

"काका, नुसते या. बोला. ब्रेड नसला तरी येतील ते."

"तुला काय माहीत?"

"मी येतोच की."

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. मग मुलीकडे. मग दोघांच्या मधल्या हवेकडे, शिकाऊ ड्रायव्हरने चढावर गाडी बंद पाडावी आणि मागे रांग लागावी, तशा नजरेने.

"हे मासे तोंड उघडतात, म्हणून त्यांना मिळतं," ते म्हणाले. "तुम्ही दोघं बसा दात मोजत." आणि चहा टाकायला म्हणून आत निघून गेले.

तो उठला. "मला कारखान्यात फोन करायचाय," तो म्हणाला. "ते सहाला बंद करतात." तो फाटकाकडे वळला.

तिने तोंड उघडलं. आवाज आला नाही. मिटलं. पुन्हा उघडलं. पुन्हा काही नाही. पाण्यातले पाच आणि काठावरची ती, असे सहा जण आ वासून त्याच्याकडे बघत होते.

तो थांबला. "भूक लागलीये?"

"जाऊ नकोस," ती म्हणाली.

एवढंच. पण एकदा तोंड उघडल्यावर मग तिला आवरेना. "आधी बरं दिसत नव्हतं. मला वाटायचं दिसतंय, पण… ते सवयीने. आता दिसतंय. तू भिंतीवर नसलास की मला भिंत दिसते नुसती. आणि ते काम चांगलं असेल तर खुशाल जा, पण मी सांगितलं नव्हतं म्हणून जाऊ नकोस."

तो फाटकाला टेकून उभा राहिला. मग गंभीरपणे म्हणाला, "बघ हं. डोळ्यांचं तू बघशील, दातांचं मी. म्हातारपणाची एवढी पक्की सोय दुसऱ्या कुठल्या जोडप्याची आहे का?"

"मधल्या वर्षांचं काय?"

"मधल्या वर्षांत पाणी बदलू."

आतून बाबांनी तीन कप आपटल्याचा आवाज आला. चढावरची गाडी सुरू झाल्याचं त्यांना कळलं होतं.

पाणी पुढच्या आठवड्यात निवळलं. मग खूप वर्षं गेली. मासे म्हातारे झाले आणि गेले, त्यांच्यामागे काही वर्षांनी बाबाही. घर विकलं. नव्या मालकांनी खड्डा बुजवून त्यावर फरशी घातली. ती दोघं कधी त्या गल्लीतून गेलीच तर चालण्याचा वेग आपोआप कमी होतो. ती चष्मा पुसते. तो घसा साफ करतो.

तरी संबंधित खात्यास नम्र विनंती की, उपरोक्त शनिवारची संध्याकाळ, स्वयंपाकघरात चहा गाळत असलेल्या गृहस्थांसह आणि आहे त्या स्थितीत, अर्जदार पती-पत्नीस फक्त एका तासासाठी परत देण्यात यावी. ती ठरलेल्या वेळी जशीच्या तशी परत केली जाईल, अशी हमी मात्र अर्जदारांना देता येत नाही. कळावे.