होलिसनं दिलेला पाव

उद्या स्थापना दिवस, म्हणून तुम्हा नव्या पोरांकडून आज नियम घोकून घेतलेत ना? सोंग सोडायचं नाही. पाहुण्यानं विमानाबद्दल विचारलं तरी म्हणायचं, ते काय असतं बुवा? आपलं साल सोळाशे पस्तीस. पाहुण्यांना जुना काळ दाखवायला उभारलेल्या या वसाहतीत मी सुतार बनून एकतीस वर्षं हेच केलं. पण होलिस बॅग्बीचं ऐका. आणि डार्नेल, मोबाईल ठेव खाली, शेकोटीचा उजेड पुरे आहे.

होलिस आमचा कोठारी. सोंगात इतका मुरलेला, की घरी बायकोशीही जुन्याच थाटात बोलायचा. नऊ वर्षांपूर्वी स्थापना दिवस शनिवारी आला होता, बावीस नोव्हेंबरला. दिवसभर तोफा, गव्हर्नरची मिरवणूक, टर्की पक्ष्याचं जेवण, हजारभर पाहुणे. आठला फाटक बंद झालं. साडेआठला होलिस कोठाराला कुलूप लावायला गेला. आम्ही बाकीचे गाड्यांपाशी बिअर पीत होतो.

कोठाराच्या दारात एक बाई उभी होती. पोशाख आपल्यासारखाच, पण चिंध्या झालेला. पाय उघडे. कडेवर तीनेक वर्षांचं मूल. होलिसला वाटलं, कपडेपटवाल्यांनी वसाहतीच्या पहिल्या हिवाळ्यात माणसं उपाशी मेली, तो प्रसंग करायला कुणी नवी नटी आणलीय. काय वठवलंय हिनं, असं मनात म्हणाला आणि त्यालाही चेव चढला.

ती म्हणाली, "दादा, पोरानं तीन दिवस काही खाल्लं नाही."

"मग मी काय करू, बाई? गव्हर्नरसाहेबांचा हुकूम आहे. ज्या घरात कामाचा गडी, त्यालाच शिधा."

"गडी गेला. मंगळवारी."

"मग थांब. वसंतात जहाज येईल."

ती थांबली. हलली नाही... मूलही हललं नाही. डोळे तेवढे उघडे.

होलिसच्या पिशवीत हॅमचं सँडविच होतं. पण पोशाखात असताना आजच्या काळातलं खाणं बाहेर काढायचं नाही, हा नियम. त्यानं फळीवरचा शोभेचा पाव उचलला, रंगवलेला, प्लास्टरचा, आणि तिच्या हातात ठेवला. "घे. गव्हर्नरला सांगू नकोस."

तिनं त्याचा हात धरला... कपाळाला लावला. तिचे हात बर्फ. होलिस विचारणार होता, बाई, तू कोण... तेवढ्यात ती वळली. नदीकडे निघाली. तिकडे वाट नाही. नुसती दलदल.

मग ऐकू आलं. मूल खात होतं. कडकड... थांबून... पुन्हा कडकड...

होलिस धावला. सँडविच हातात, गुडघाभर चिखलात, ओरडत, "अगं, हे घे, हे खरं आहे..."

कुणी नाही.

आम्ही साडेअकरापर्यंत टॉर्च घेऊन शोधलं, मग कोठाराला कुलूप मीच लावलं. कपडेपटाच्या बाईंनी यादी दाखवली, अशी कुणी आलीच नव्हती. पुढं पाच वर्षं, मरेपर्यंत, होलिस रोज संध्याकाळी कोठाराच्या पायरीवर खरा पाव ठेवायचा. सकाळी तो तसाच, दवानं भिजलेला. मला आम्हा सगळ्यांचाच राग येतो, पोरांनो. दर वर्षी त्या उपाशी माणसांच्या नावानं आपण टर्की खातो.

त्या रात्रीनंतर रविवारी सकाळी कोठार मी उघडलं. कुलूप शाबूत होतं. प्लास्टरचा पाव फळीवर, जागच्या जागी ठेवलेला... अर्धा कुरतडलेला. उरलेल्या अर्ध्यात एक दुधाचा दात रुतून बसला होता.