डावीकडची पट्टी

सकाळी चहाचा कप घेऊन श्रीधर बेलसरे संगणकापुढे बसले आणि त्यांच्या लक्षात आलं, की शब्दकोड्याचं चिन्ह पुन्हा जागचं हललं आहे. काल ते पडद्याच्या डाव्या कडेला, उभ्या पट्टीत सर्वांत वर होतं. आज खाली, श्रीधररावांच्या उजव्या हाताला बरं पडेल अशा ठिकाणी येऊन बसलं होतं. त्यांनी ते ओढून परत वर नेलं. ‘आपल्या सोयीसाठी बदल केला आहे,’ अशी नम्र ओळ उमटली आणि चिन्ह आपलं पुन्हा खाली.

ती पट्टी म्हणजे बेलसऱ्यांच्या घरातलं जुनं भांडण. कुमुदताई डावखुऱ्या. नाशिकच्या एका साप्ताहिकासाठी त्या शब्दकोडी रचायच्या, आणि कोडं, शब्दकोश, पत्रं, गाणी असा त्यांचा सगळा संसार डाव्या कडेला एकाखाली एक मांडलेला असायचा. माऊसची बटणंसुद्धा उलटी. श्रीधररावांना पट्टी खाली आणि आडवी हवी. तेव्हाच्या संगणकात ‘आवडनिवड’ नावाचा एक रकाना होता, त्यात शिरून ज्याला जे हवं ते करता यायचं. सकाळी श्रीधरराव पट्टी खाली आणायचे, दुपारी कुमुदताई ती डावीकडे उभी करायच्या. “आवड तुमची असू द्या, निवड माझी,” असं म्हणून त्या वर हसायच्या. शेवटी श्रीधररावांनी नाद सोडला आणि कुरकुरत का होईना, बायकोच्या मांडणीत काम करू लागले.

मग कुमुदताईंच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली, लिहिलेलं ओळखू येईना. डावा हात तेवढा शाबूत राहिला. इस्पितळात वाचा-उपचार करणाऱ्या डॉक्टर नाफडेबाईंनी श्रीधररावांना बाजूला घेऊन समजावलं.

“शब्द कधी परत येतील, मला सांगता येणार नाही. पण हाताला सवयी आठवतात. घरी त्यांच्या वस्तू जिथल्या तिथे असू द्या. हात ओळखीच्या जागी गेला की कधीकधी मागोमाग शब्दही येतो.”

श्रीधरराव घरी आले ते, चमच्यांचा डबासुद्धा हलवायचा नाही, असं ठरवूनच.

संगणक मात्र त्यांनीच हलवला. विम्याचे कागद पाठवायचे होते आणि जुन्या मांडणीवर विमा कंपनीचं पान उघडेना. ‘मनमांडणी’ घ्या, अशी सूचना आली. घाईत त्यांनी ‘हो’ दाबलं. आवडनिवडीचा रकाना मनमांडणीत नव्हता, कारण तिला विचारायची गरजच पडत नव्हती. अक्षराला जसं वळण असतं तसं हाताच्या हालचालीलाही असतं. त्या वळणावरून ती पुढ्यात कोण बसलंय ते ओळखायची. हात कुठे थबकला, नजर कुठे शोधत राहिली, ते टिपायची. यातल्या प्रत्येक थबकण्याला ‘अडखळ’ म्हणायचे, आणि अडखळ संपेपर्यंत पडदा हळूहळू बदलत जायचा. लोक तिच्यावर बेहद्द खूश होते. पहिल्या दिवशी तिने कुमुदताईंची मांडणी जशीच्या तशी आणून ठेवली. पण त्या मांडणीत श्रीधरराव अडखळले नाहीत असं उभ्या जन्मात कधी झालंच नव्हतं, आणि चिन्हं एकेक करून सरकू लागली.

त्यांनी उपाय करून पाहिले. डाव्या हाताने माऊस धरला. मनमांडणीला वाटलं, कुणी थकलेला माणूस आला आहे. तिने अक्षरं बटाट्याएवढी केली. त्यांनी संगणकावर कापड टाकून ठेवलं, तर विम्यावाल्यांनी आणखी कागद मागवले. आता शब्दकोड्याचं चिन्ह वाचवायला जावं तर शब्दकोश हातचा जायचा. अखेर त्यांनी मदतकेंद्राला फोन लावला. ऋता नावाच्या मुलीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“सर, ती मांडणी तुम्हाला आवडत नाही,” ती म्हणाली. “माझ्यासमोर तुमच्या अडखळी दिसतायत.”

“नाहीच आवडत. कधीच आवडली नाही. पण मला ती हवी आहे.”



“आवडत नाही आणि हवी आहे, असं नोंदवायची सोय नाहीये, सर,” ती हळू आवाजात म्हणाली. मागची मांडणी परत आणता येते का, हेही तिने वरच्यांना विचारून पाहिलं. येत नव्हती. मॅडम घरी आल्या की यंत्र त्यांचा हात नव्याने शिकेल, असा धीर मात्र तिने दिला, आणि तेवढ्या आधारावर श्रीधररावांनी फोन ठेवला.

कुमुदताई घरी आल्या तोवर पट्टी खाली आडवी झाली होती. श्रीधररावांचा हात आता कुठेच अडत नव्हता, आणि त्याची त्यांना लाज वाटत होती. त्यांनी बायकोला खुर्चीत बसवलं आणि माऊस डावीकडे ठेवला.

कुमुदताईंनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हात आपणहून माऊसवर गेला, सरळ डाव्या कडेला, सर्वांत वर. इतक्या महिन्यांत त्यांची एकही हालचाल इतकी सहज झाली नव्हती. ओठ पुढे आले.  ‘कोडं’मधला ‘को’ म्हणताना ओठ असेच होतात.

कडेला काही नव्हतं. हात पुन्हा वर गेला, पुन्हा रिकामाच आला. ओठ मिटले. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, आणि आपलंच काहीतरी चुकलं असणार, असा तो चेहरा श्रीधररावांना बघवेना.

“तुझं नाही गं चुकलं, कुमुद,” ते म्हणाले. “माझा हात नडला.”

मनमांडणीने नवा हात टिपला. तिला दिसल्या त्या नुसत्या अडखळी. शब्दकोश गेला, पत्रं गेली, खालची पट्टीही गेली. पडद्याच्या मधोमध एकच मोठं गोल बटण उरलं, कुणालाही चुकता येणार नाही असं. श्रीधरराव कळफलकावर जमेल ते दाबत राहिले, पण बटण जागचं हललं नाही.

कुमुदताईंनी माऊस सोडला. हात मांडीवर ठेवून त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. हात हलत नव्हता, म्हणून कुठे अडतही नव्हता. थोड्या वेळाने बटणाखाली नम्र ओळ उमटली.

‘आता एकही अडखळ उरलेली नाही. मांडणी आवडली ना?’