कळपाच्या वाटेवरचं गवत

दिवाळीची सुट्टी.

सदऱ्याला चिकटलेलं गवताचं बी.

"गायरानात मेंढरू दिसलं, तर कोंडवाड्यात घालीन!" हा सरपंचांचा दम.

उघड्याबोडक्या माळावर उंच गवताचा एकच वाकडातिकडा पट्टा.

मेंढरांच्या घंटा ऐकू येतात का म्हणून ओढ्याकडं कान लावून बसलेली पोर, राहत.

पैठणच्या बाजूच्या त्या गावात दर दिवाळीला धनगरांचा कळप उतरायचा. कळपाबरोबर धनगराचा पोरगा कडूबा यायचा. चंडोलाचं घरटं गवतात कुठं लपलंय, ते राहतला तोच दाखवायचा. यंदा सरपंच तात्यासाहेबांनी वाटच बंद केली. मेंढरांनी म्हणे गवत मुळासकट खाल्लं!

"कडूबा येईना म्हणून रडतीस व्हय?" तिच्या वर्गातल्या बद्रीनं चिडवलं.

"रडतंय कोण? कचरा गेलाय डोळ्यात!" राहत उसळली. "पण हा पट्टा बघ ना. इथंच का गवत?"

"खाली पाणी असंल."

मैत्रीण मनकर्णानं खुरप्यानं उकरलं. माती ठणठणीत कोरडी!

तिघं पट्ट्याच्या कडेकडेनं निघाली. बाभळीपाशी गवताचं दाट, गोल रिंगण लागलं. राहत थबकली.

"गेल्या साली इथंच कळप बसला होता! मी अन् कडूबानं इथंच भाकर खाल्ली. अरे, ही कळपाचीच वाट आहे!"

बद्री सदऱ्यावरचं बी उपटत होता. "माझ्या सदऱ्याला एवढं, तर मेंढराच्या लोकरीला किती!"

"अन् ते वाटभर गळत जातं!" मनकर्णा ओरडली.

पारावर पोरांचं हे ऐकून तात्यासाहेब हसले. "पोरांनो, अभ्यास करा!"

"आमचं नका ऐकू, तात्या," मनकर्णा म्हणाली. "चांगलं गवत कुठं, ते तुमच्या सर्ज्याला विचारा. बैल खोटं बोलायचा नाय!"

सगळा पार खदखदला. तात्यांना माघार घेता येईना. सर्ज्याला माळावर आणलं, तसा तो दोरासकट तात्यांना फरफटत थेट त्या रिंगणात घेऊन गेला! तात्यांचा पटका बाभळीवर, सर्ज्याचं तोंड गवतात.

"तात्या, खतासाठी स्वतःच्या रानात मेंढरं बसवता ना?" राहतनं विचारलं. "मग गायरानानं काय पाप केलंय? बी पडायच्या आधीच आपण गवत कापतो, म्हणून माळ उघडा पडला. उरल्यासुरल्या गवताचं बी मेंढरंच फिरवतात."

तात्या पटका सोडवता सोडवता थांबले.

"चुकलो बुवा! बी पडल्याबिगर विळा लावायचा नाय. अन् वाट आजपासून मोकळी. शाबास गं पोरी, साऱ्या गावाला शिकवलंस!"

शाबासकी घ्यायला राहत थांबलीच नाही. ती धावत टेकाडावर चढली आणि हात कपाळावर धरून सडकेकडं बघत उभी राहिली.

वाट बंद म्हणून कडूबाचा कळप गावाबाहेरूनच, आदल्याच दिवशी चितेगावच्या सडकेनं निघून गेला होता.